हिंदुरावांचं धुकं

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. दिल्लीत हिंदुराव म्हटलं की लोकांना आधी हॉस्पिटल आठवतं, मग माणूस. तेव्हा मीच नाही घेतलं तर त्या नावाला विचारणार कोण? तर आमचे हे हिंदुराव मूळचे साताऱ्याकडचे. फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि तेव्हापासून मानेसरच्या एका कारखान्यात प्लाझ्मा कटरवर, म्हणजे विजेच्या ज्योतीनं, लोखंडाचे पत्रे कापतात. रिटायर झाले तेव्हा मी म्हटलं होतं, चला आता गावी. हे म्हणाले, थोडे दिवस बघू. कँटोन्मेंटचं क्वार्टर सोडून आम्ही पालममध्ये दोन खोल्या घेतल्या, मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला, आणि यांचे थोडे दिवस काही संपले नाहीत.

माणूस म्हणाल तर स्वप्नाळू. बरं, थोडाथोडका नव्हे. दुधापाशी उभं करावं, तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली येतं आणि हे खिडकीतून समोरच्या गच्चीवरची कबुतरं बघत असतात. कंपनीची बस रोज आमच्या नाक्यावर सोडते, पण मधूनच हे पुढच्या स्टॉपवर उतरून चालत येणार. विचारलं तर म्हणणार, विमानांवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं गं, बघत राहिलो. विमानतळाशेजारी पालमला राहून ज्याला अजून विमानांचं कौतुक, त्या माणसाला काय बोलायचं? म्हणजे मी बोलते, ती गोष्ट वेगळी. माझा राग सदा नाकावर, आणि यांच्या एका कानातून शिरून तो दुसऱ्या कानातून आरामात बाहेर जातो.

पण हाच माणूस मशीनपुढे कसा असतो ते मी एकदा बघितलंय. विश्वकर्मा पूजेला कारखान्यात घरच्या माणसांना बोलावतात, हलवा-पुरी असते. त्या वर्षी पंडितजींना यायला उशीर होता आणि पूजेआधी एक पत्रा कापायचा राहिला होता. सुपरवायझर श्यामजी म्हणाले, भाभीजी, देख लीजिए आपके साहब का काम. मी म्हटलं, बघू तरी, हा माणूस दिवसभर करतो काय.

आधी यांनी मलाच लांब पडद्याच्या कडेला उभं केलं. माझी साडी नायलॉनची होती. ठिणगी पडली तर नायलॉन वितळून अंगाला चिकटतं म्हणे. स्वतःच्या अंगात जाड सुती शर्ट, वर चामड्याचा एप्रन. मग पत्र्याभोवतीच्या तेलकट चिंध्या उचलल्या, वाळूची बादली पायाने जवळ ओढली, धूर खेचणारा पंखा सुरू केला. कंप्रेसरच्या भांड्यात साठलेलं पाणी काढून टाकलं, कारण हवेत पाणी राहिलं की ज्योत फडफडते. पत्र्याचा एक कोपरा घासून चकचकीत केला आणि तिथे अर्थिंगचा चिमटा लावला. हातमोज्यात बोटं घालून ते आतून कोरडे आहेत का ते बघितलं. ओल्या हाताला वीज माफ करत नाही. मग खडूनं रेघ मारली. हे सगळं असं शांतपणे, की देवाची पूजा आधी इथेच झाली असं मला वाटलं. घरी चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधणारा माणूस हा!

मग यांनी मोठ्यानं "आँख!" म्हणून हाक दिली आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी माना फिरवल्या. त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं. माझ्या हाती श्यामजींनी काळ्या काचेची ढाल दिली होती, ती मी तोंडासमोर धरली. आधी काहीच नाही. कारखाना नाही, माणसं नाहीत, हे नाहीत. मग त्या काळोखात एक हिरवा ठिपका उगवला आणि हळूहळू चालायला लागला. त्याच्यामागे लोखंड दुभंगत होतं, पण ते दिसत नव्हतं, फक्त तो ठिपका दिसत होता, कुठल्यातरी लांबच्या रस्त्यानं कुणीतरी कंदील घेऊन निघाल्यासारखा. मला एकदम कळलं की हा माणूस असतो कुठे. दूध उतू जातं तेव्हाही तो इथेच असतो.

कापून झाल्यावर यांनी त्या तुकड्यावर खडूनं "गरम" असं लिहिलं. कापलेलं लोखंड दिसायला थंड, पण हात लावला तर कातडी सोलून निघते. घरी आल्यावर मी तवा गॅसवरून उतरवला आणि थट्टेनं म्हटलं, यावर लिहिता का? तर यांनी खरोखर खडू आणून तव्याच्या दांड्यावर लिहिलं. मी हसून हसून दमले.

हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की त्याच माणसाचे डोळे जायला लागले होते आणि तो ते कबूल करत नव्हता.

सुरुवात दिवाळीच्या सुमाराला झाली. संध्याकाळी गच्चीत उभे राहून म्हणाले, बघ कांता, प्रत्येक दिव्याला खळं पडलंय, चंद्राला पडतं तसं. मी बघितलं. दिल्लीची दिवाळी, फटाक्यांचा धूर एवढा की मला दिवाच धड दिसत नव्हता. म्हटलं, असेल. मग रोजच सुरू झालं. रस्त्यावरच्या दिव्यांना रंगीत कडी, मोटारींच्या दिव्यांना पिसारे. मानेसरहून येताना समोरच्या सगळ्या गाड्या पाण्याखालून वर येतात असं वाटतं म्हणे. सांगायचे इतकं सुंदर, की खोटं कशाला बोलू, मला ऐकायला आवडायचं. मी पोळ्या लाटायची आणि हे मागे वेताच्या मोड्यावर बसून आज हायवेवर काय काय दिसलं ते सांगायचे. मला वाटलं, म्हातारपणी माणूस रंगात आलाय. त्यात पुढे धुकं पडायला लागलं, आणि धुक्यात इथे कुणालाच काही दिसत नाही. शेजारची बाई स्वतःच्या दाराला कुलूप लावताना चाचपडते, तिथे यांचं काय घेऊन बसता?

चहा कपाच्या बाजूला ओतला गेला, मी तंद्रीला बोल लावला. शर्ट उलटा घातला, तेव्हाही तंद्रीलाच. सवय लागली होती ना मला.

मग एक दिवस धुवायला शर्ट घेतला तर डाव्या बाहीला भोकं. बारीक, काळ्या कडेची. इतक्या वर्षांत यांच्या कपड्याला कधी ठिणगी लागली नव्हती. ठिणग्या कुठल्या बाजूला उडणार ते बघून हे उलट्या बाजूला उभे राहतात, मला एवढं ठाऊक होतं. पुढच्या धुण्यात कॉलरपाशी भोक निघालं. तेव्हा मात्र मी नळ बंद केला आणि शर्ट दारात उजेडाला धरला. कॉलरपाशी ठिणगी येते म्हणजे माणूस वाकून, अगदी ज्योतीला नाक लावून काम करतोय.

संध्याकाळी मी तो शर्ट यांच्यासमोर धरला आणि विचारलं, खरं सांगा, खडूची रेघ दिसते का? आधी म्हणाले, ठिणगी आहे, उडायचीच. मग म्हणाले, हल्ली शटरमधून धुकं आत शेडमध्ये येतं, म्हणून जरा पुसट दिसते. आणि मग, मी हलत नाही असं बघून, लहान मुलानं कबुली द्यावी तसं सगळं सांगितलं. रेघ नसली तरी कळतं म्हणे. लोखंड नीट कापलं जात असलं की आवाज एकसारखा येतो, चुकलं की आवाज फाटतो. शिवाय लोखंडी पट्टी लावतो आणि तिच्या कडेनं टॉर्च नेतो. म्हणजे ती कापायची ज्योत ज्यातून निघते ती मूठ. आणि ती पट्टी डाव्या हातानं दाबून धरलेली असते! जी ज्योत बोटभर जाडीचं लोखंड कापते, तिला यांच्या बोटांची काय मातब्बरी?

मी म्हटलं, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे. यांना चिडलेलं मी फार कमी बघितलंय. तेव्हा चिडले.

"डॉक्टर काय म्हणणार ठाऊक आहे? हा उघड्या डोळ्यांनी बघत असणार. श्यामजीही तेच म्हणतील. सगळा कारखाना म्हणेल. कांता, जन्मात एकदाही मी काचेशिवाय बघितलेलं नाही."

आता या माणसाला काय म्हणावं? जपून काम करतो हे नाव राखण्यासाठी तो न जपता काम करत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मुठीतली बोटंच गेली तर ती झाकून काय करायची? मी हे तोंडावर बोलले. आणखीही पुष्कळ बोलले, ते सांगत नाही. शेवटी म्हटलं, तुम्ही जात नसाल तर मी श्यामजींना फोन करते.

तेव्हा एकदम मऊ झाले. म्हणाले, नको गं. एवढं धुकं जाऊ दे. धुकं उतरलं आणि तरी मला दिसलं नाही, तर तू म्हणशील ते. तोवर माझ्यावर विश्वास ठेव.

मी म्हटलं, विश्वास तर गेला पानिपतात.

यावर हसले. म्हणाले, मग तिकडंच जाऊ, तात्यासाहेब संक्रांतीला बस काढतायत. तात्यासाहेब म्हणजे आर. के. पुरमचे, केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले. तिकडच्या मराठी घरांना तिळाचे लाडू मी करून देते, त्यामुळे ओळख. दर संक्रांतीला ते सगळ्यांना गोळा करून पानिपतला काला अंबला नेतात, जिथे त्या लढाईत आपली माणसं पडली. आम्ही दरवर्षी जाऊ जाऊ म्हणायचो आणि राहून जायचं.

आणि संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवसापासून कारखान्यात स्टेनलेसचे मोठे पत्रे कापायला यायचे होते. ते काम श्यामजींनी यांच्याच हाती द्यायचं ठरवलं होतं. यांचा हात सगळ्यात सरळ, म्हणून.

मधल्या दिवसांत मी श्यामजींचा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला, असं कितीदा झालं. फौजेत ज्यानं नावाला डाग लागू दिला नाही, त्याची गोष्ट त्याच्या बायकोनं फोनवर सांगायची? आणि नाही सांगितली, आणि काही झालं, तर? रोज सकाळी हे डबा घेऊन निघाले की मी त्यांची बोटं बघायची आणि रोज संध्याकाळी परत बघायची. मला यांचा राग येत होता, स्वतःचा येत होता, त्या मेल्या धुक्याचा येत होता. ऊन काही पडत नव्हतं. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते.

संक्रांतीला भल्या सकाळी आर. के. पुरमहून बस निघाली. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नाही. बस चालतेय की उभी आहे तेही कळेना. ड्रायव्हरचा क्लीनर दारात लटकून बाहेर बघत होता आणि अधूनमधून "चलो, चलो" म्हणत होता, एवढाच काय तो रस्ता. बायका शाली गुंडाळून गप्प बसल्या होत्या. आतले दिवे बंद, कुणी थर्मासमधला चहा पुढे करायचं आणि घेणारा हात कुणाचा ते दिसायचं नाही. हे मात्र खुशीत होते. खिडकीच्या काचेला कपाळ लावून बसले होते. सगळ्या बसला जेवढं दिसत होतं तेवढंच त्यांनाही दिसत होतं ना. किती दिवसांनी असे निवांत बसलेले बघितले मी त्यांना! मलाही वाटून गेलं, हे असंच राहिलं तर बरं. बस अशीच चालत राहावी, पानिपत येऊ नये, उद्याचा दिवस येऊ नये.

पण आलं. धुक्यातून स्मारकाचा काळा खांब हळूहळू पुढे आला, त्याच्याभोवतीचं लोखंडी कुंपण आलं. कुणी हार घातला, कुणी चपला काढून नुसते हात जोडले. तात्यासाहेब दरवर्षीप्रमाणे बोलले, आणि त्या पांढऱ्यात त्यांचा आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. हे कुंपणाला धरून उभे होते. हळूच मला म्हणाले, "कांता, इथं माणसं उभी आहेत बघ. लांबपर्यंत. रांगाच्या रांगा." तिथे झाडं असतील. मीही बघितलं, आणि देवाशपथ, मलाही दिसली. किती वेळ आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो कोण जाणे.

आणि मग ऊन पडलं.

आधी खांबाचं टोक उजळलं, मग हिरवळ, मग भोवतालची झाडं झाडांसारखी दिसायला लागली. बघता बघता सगळं लख्ख झालं. पलीकडे गव्हाची शेतं पार क्षितिजापर्यंत. पोरं हिरवळीवर धावत सुटली, बायकांनी शाली काढल्या, लोक एकमेकांचे फोटो काढू लागले. मी लाडवांचा डबा घेऊन जरा लांब उभी होते. तात्यासाहेब यांच्याजवळ जाऊन चष्मा पुसत म्हणाले, चला, सूर्यनारायण पावले एकदाचे.

हे टोमणाच समजून त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आज काही हे धुकं उतरायचं नाही तात्यासाहेब. परतताना ड्रायव्हरला जपून न्यायला सांगा."

तात्यासाहेबांना ती थट्टा वाटली. हसले, यांच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे गेले. डबा मी कुंपणाच्या कट्ट्यावर ठेवला, यांच्यापुढे चार पावलांवर उन्हात जाऊन उभी राहिले आणि अंगावरची शाल काढली. राग आला होता म्हणून विचारलं, की भीती वाटली म्हणून, मला सांगता यायचं नाही.

"मी कुठल्या रंगाची साडी नेसलेय?"

"काळी," ते म्हणाले. "संक्रांतीला तू दुसरी कुठली नेसणार?"

खरं आहे. लग्न झाल्यापासून प्रत्येक संक्रांतीला मी काळीच नेसत आलेय. सिकंदराबादला असताना नेसले, जोधपूरला असताना नेसले. ते बघायला डोळे कशाला लागतात? पण या वर्षी काळी साडी धुतली ती त्या धुक्यात वाळलीच नाही. सकाळी दोरीवर ओली लागली, म्हणून ट्रंकेतून हाताला आली ती हिरवी नेसले, वर शाल घेतली, आणि निघायच्या घाईत यांना सांगायचं राहून गेलं.

माझ्यासारख्या बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणजे काय ते त्यांना कळायला वेळ लागला नाही. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"काळी नाही ना?"

"नाही."

"धुकं उतरलं?"

"मघाशीच उतरलं."

कुंपणाची सळई धरलेला हात त्यांनी सोडला नाही. आजूबाजूला पोरं ओरडत होती, कुणीतरी तिळगूळ वाटत फिरत होतं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "उद्या श्यामजींना सांगतो. टॉर्च नाही धरणार मी आता. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाऊ. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

मला हेच हवं होतं. याचसाठी इतके दिवस भांडले होते. आणि ते म्हणाले तर मला तिथेच, चारचौघांत, रडू फुटलं. वाटलं, यांच्या हातातून सगळं काढून घेतलं कुणीतरी आणि ती मीच.

तात्यासाहेबांनी बसकडे चलायची हाक दिली. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लोकांदेखत यांनी असा हात कधी ठेवलेला नाही. आम्ही हळूहळू चालायला लागलो. पायऱ्या आल्या तेव्हा मी सांगितलं, पायऱ्या आहेत. उतरल्यावर थांबले.

"मग कुठली आहे?"

"हिरवी," मी म्हणाले. "समोरच्या गव्हासारखी."

ते शेताकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना तिथे काय दिसत होतं ते मी विचारलं नाही.

"छान दिसत असशील," म्हणाले.